कोलूच्या पायऱ्यांखाली

तंजावुरात राजवाड्याच्या बाजूला आमची गल्ली आहे, आणि त्या गल्लीत आमच्या घरचा कोलू नावाजलेला. नवरात्रात नऊ पायऱ्या, त्यांवर तीन पिढ्यांच्या बाहुल्या, रोज संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका. आलेल्या प्रत्येक पोरानं देवीसमोर एक गाणं म्हणायचं, मग हातात सुंडलाची, म्हणजे खोबरं घातलेल्या हरभऱ्याच्या उसळीची वाटी. मुलं गातात, आया ओठांनी शब्द पुरवतात आणि बाकीच्या बाया मनातल्या मनात गुण देतात. कौतुकाच्या नावाखाली चालणारी ही परीक्षा मला कधीच आवडली नाही. माझी मुलगी चार वर्षांची झाली, तेव्हापासून तर त्या परीक्षेची चीडच येऊ लागली.

ती घरात बोलायची, तेही मोजकं. परकं माणूस आलं की तोंडाला कुलूप. जरीची पावाडै, म्हणजे सणाचा परकर, कमरेला टोचली की किंचाळायची, चार बायका एकदम हसल्या की कान दाबून जमिनीवर लोळायची. सासूबाईंनी दृष्ट काढता काढता घरातल्या मिरच्या संपवल्या. नवऱ्याचं एकच पालुपद, मोठी झाली की जाईल. तिरुचीच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र स्पष्ट सांगितलं की हा हट्ट नव्हे. हिला आवाज फार मोठा ऐकू येतो, स्पर्श फार जोरात लागतो. माणसं येणार असतील तर आधी सांगा, लपायला एक जागा द्या आणि ती आपणहून बाहेर येईपर्यंत ओढू नका. मी घरी येऊन सगळ्यांना हे सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. तंजावूरच्या बाहुल्यांनाही तेवढं येतं.

जागा तिनं स्वतःच शोधली. आमच्या पायऱ्या म्हणजे लोखंडी ट्रंका, बाकं, वर फळ्या आणि त्यावर अंथरलेलं पांढरं धोतर. मागच्या बाजूला ट्रंकांच्या मध्ये पोकळी राहायची. पहिल्याच संध्याकाळी ती धोतर उचलून आत शिरली आणि पाहुण्या जाईपर्यंत तिथंच राहिली. रडणं नाही, किंचाळणं नाही. मी येताजाता फळीवर बोटानं टकटक करायची, आतून तशीच टकटक यायची. ओरत्तनाडूच्या कचेरीतून बसनं दमून आले तरी मला संध्याकाळची धास्ती वाटेनाशी झाली.

अष्टमीला पाहुण्या गेल्यावर मी रिकाम्या वाट्या उचलत होते, तेव्हा पायऱ्यांखालून आवाज आला. ती गात होती. शेजारची मुलगी रोज म्हणायची ते देवीचं गाणं, अख्खं, सुरात, एक ओळ न चुकवता. मी वाट्या हातात घेऊन तिथंच खाली बसले. इतका आनंद मला तिच्या जन्माच्या वेळीही झाला नव्हता. पण ऐकणारी मी एकटी नव्हते. चेन्नईहून आलेली नणंद दारात उभी होती.

"अय्यो, एवढें बरें गाते की ही!" ती म्हणाली. मला वाटलं, आता तरी हिला पटलं. पटलं, पण भलतंच. "म्हणजे सगळें येतें हिला. नाटक करते. तुम्हींच लाड करून बिघडवलेंत, मन्नी."

सासूबाईंना गाण्याचं काहीच नव्हतं. "देवीच्या पायाखालीं पोर बसते? अपचारम्!" एवढंच त्या पुन्हापुन्हा म्हणत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी घर बायकांनी भरलं असताना नणंदेनं धोतराखाली हात घातला आणि तिला दंडाला धरून बाहेर काढलं. "काल म्हटलेंस तें पाट्टु म्हण, कण्णा. सगळीं ऐकतात बघ." मी स्वयंपाकघरातून ओरडले, "सोडा तिला!" नवरा म्हणाला, "एकदां म्हणूं दे की, काय झालें त्यांत?" ती किंचाळली असती तर बरं झालं असतं. तिनं आवाजच केला नाही. धोतराचं टोक मुठीत घट्ट धरून ती उभी राहिली आणि उभ्या उभ्या तिला पावाडैतच लघवी झाली. नणंदेनं आणखी ओढलं, धोतर सरकलं आणि वरच्या बाहुल्या खाली आल्या.

मी तिला उचलून आत नेलं. बाहेर सासूबाई मातीच्या कृष्णाचे तुकडे गोळा करत रडत होत्या. त्या कृष्णाचं सुतक घरानं आठवडाभर पाळलं. पोरीचं काय झालं हे एकानंही विचारलं नाही. आणि नणंदेचं आजही तेच, "मी तर कौतुकानंच केलें."

पुढच्या वर्षी पायऱ्या हलतात म्हणून सासूबाईंनी ती पोकळी तांदळाच्या पोत्यांनी भरून घेतली. "अत्ते, तेवढी जागा राहूं द्या," मी हात जोडून म्हटलं. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पोती वाहिली नवऱ्यानं. मी आतल्या खोलीत चादरीचा तंबू बांधून दिला. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पहिल्या संध्याकाळी ती पायऱ्यांच्या मागे गेली. धोतर उचललं, पोत्याला हात लावून पाहिला, धोतर पुन्हा नीट केलं. मग येऊन पाहुण्यांच्या मध्ये बसली, हात मांडीवर. एका बाईनं गालगुच्चा घेतला तरी हलली नाही.

"बघा, केवढी शहाणी झाली आमची पोर," सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या.

मी सुंडल वाढता वाढता तिच्यामागे थांबले आणि पायरीच्या फळीवर बोटानं टकटक केली. तिनं मान वळवली नाही.