ढेमसूच्या शेवटच्या पानासाठी

समजा, शनिवारची दुपार आहे. सतरंजीवर मुलं दाटीवाटीनं बसली आहेत आणि तुमच्या हातात चित्रांचं पुस्तक आहे. चित्रं मुलांकडे, तुमच्याकडे नुसते पुठ्ठे. म्हणजे मजकूर तोंडपाठ हवा. ढेमसू नावाचं हिरवं, गोल ढेमसं टोपलीतून उडी मारून एकटंच बाजार बघायला निघालंय. ढेमसू नाला ओलांडतो, बकरीला चकवतो, रेल्वेच्या फाटकाशी येतो. फाटक बंद. आणि पुढे उलटायला पानच नाही.

"मंग?" मुलं विचारतात. काय सांगाल?

सिंदी (रेल्वे) या गावच्या वाचनालयातल्या ग्रंथपाल नमिता उमाटे वर्षानुवर्षं एकच उत्तर द्यायच्या, "तुम्हीच सांगा." मुलं सांगत. कुणाचा ढेमसू मालगाडीत बसून नागपूर गाठायचा, कुणाचा फाटकाखालून घरंगळत जायचा. वाचनालयात चित्रांची नवी, गुळगुळीत पुस्तकं बरीच आली, पण मुलं पुन्हा पुन्हा हेच मागत. नमिताताईंनाही हेच आवडे. शेवटचं पान कुणीतरी फाडलं असावं, असं त्या धरून चालल्या होत्या.

मग एका शनिवारी पहिलीतली इला म्हणाली, "मॅडम, तुमालेच माईत नाई ना? म्हून आमाले विचारून राह्यल्या!"

सगळे हसले. नमिताताईही हसल्या, पण सोमवारपासून त्या कामाला लागल्या. पुस्तकाची छपाई कधीच बंद झालेली. आसपासच्या वाचनालयांत, जुन्या पुस्तकांच्या दुकानांत दुसरी प्रत नव्हती. प्रकाशकाच्या नंबरवर फोन केला तर तिकडून एक पोरगा म्हणाला, "मॅडम, आता हे मोबाईलचं दुकान हाये. इथं कवर भेटते, पुस्तक नाई."

वाचनालयाचे अध्यक्ष प्रभाकरराव म्हणाले, "नमिताताई, पोरांना काहीही शेवट सांगा. कोण तपासतंय?"

"पोरं तपासतात," त्या म्हणाल्या.

एव्हाना पुस्तकाची शिवण सुटायला आली होती. ते घेऊन त्या पुलगावला गोपालभाऊंकडे गेल्या. या भागातल्या वाचनालयांत नवं पुस्तक आलं की ते आधी गोपालभाऊंकडे जाई, जाड पुठ्ठा आणि कापडी पाठ चढवून घ्यायला, आणि मगच कपाटात. गोपालभाऊंनी पुस्तक उघडून मागच्या पुठ्ठ्यावर बोट ठेवलं.

"हे माह्यंच काम हाये. पातळ पुस्तक होतं. शेवटचं पान पुठ्ठ्याले चिकटवलं, तवा कुठं धरलं त्यानं."

नमिताताईंनी पुस्तक जवळ ओढलं. शेवटच्या पानावर फाटकाचं चित्र होतं. "आणि त्याच्या पाठीमागे काही छापलेलं असेल तर?"

"असन. चित्र असो का देव असो, चिकटवाच लागते, बाई. नाई तं तुमचे पोट्टे आठवड्यात पुठ्ठा हाती देतात."

"काढता येईल?"

"निघन बी, फाटन बी. मैद्याची खळ हाये, कीड लागू नाई म्हून मोरचूद टाकेल. मी हात नाई लावत. फाटलं तं मलेच शिव्या घालसान."

प्रत एकच. फाटली तर फाटकाचं चित्रही जाणार. त्यांनी आधी मोबाईलवर सगळ्या पानांचे नीट फोटो काढून ठेवले. मग गोपालभाऊंनीच बांधलेले, रद्दीत निघालेले मासिकांचे गठ्ठे घरी नेले आणि त्यांच्यावर हात बसवायला घेतला. वाफ दिली तर शाई पसरली. जास्त भिजवलं तर कागदाचा लगदा झाला. नवरा म्हणाला, "स्वयंपाकघरात मासिकांची भाजी होऊन राह्यली का?" त्यांनी लक्ष दिलं नाही. ओला टीपकागद, वर वजन, आणि भरपूर धीर. मग प्लास्टिकच्या पट्टीनं कडेकडेनं सोडवायचं. एक पान सबंध निघालं. मग दुसरं. मग ओळीनं निघू लागली.

खरं काम मात्र त्यांनी घरी केलं नाही. शनिवारी सतरंजीवर, मुलांसमोर पुस्तक ठेवलं. "हे तुमचं आहे. फाटलं तर तुमच्यासमोर फाटेल." शेवटच्या पानावर ओला टीपकागद ठेवला; दोन गोष्टी वाचून होईपर्यंत ओल आत मुरली. पट्टी आत सरकली. कागद थोडा करकरला, थांबला, पुन्हा सुटला.

पान निघालं. मागे चित्र होतं! फाटक उघडं होतं, पण ढेमसू पलीकडे गेलाच नव्हता. फाटकवाल्याच्या खोलीपुढे, बाकावर, पाय हलवत तो बसला होता. दूर बाजाराचे दिवे दिसत होते.

"बजारात गेलाच नाई!" इला ओरडली.

"बरं झालं," मागून अर्णव म्हणाला. "नाई तं भाजी झाली असती त्याची."

आता गोष्ट पुरी वाचता येते. फक्त एक कोपरा पुठ्ठ्यावरच राहिला, आणि तिथला कागद आता सुटत नाही. चित्रातला फाटकवाला वाकून, हात हलवत ढेमसूला काहीतरी सांगतोय. त्याचे शब्द नेमके त्या कोपऱ्यात होते. ते ऐकून ढेमसूनं बाजार सोडून दिला असणार. आता नमिताताई भेटेल त्याला विचारतात, तुमच्या घरी लहानपणचं हे पुस्तक असेल, पुठ्ठा न चढवलेलं, तर शेवटचं पान बघा ना: फाटकवाला ढेमसूला काय म्हणाला?