पाठीवर जनाचं नाव

मालोजी आमच्या कंपनीत भट्टीवर काम करतो. दिवसभर कानठळ्या बसवणारा आवाज ऐकून घरी गेल्यावर पुन्हा तसलाच आवाज हौसेनं लावणारा असा माणूस खालापूर तालुक्यात मी एकच पाहिला. त्या संगीताला मेटल म्हणतात. "भांडी पडली तरी यांना गाणं वाटतं," असं त्याची बायको माधवी म्हणते, आणि त्यात फारसं खोटं नाही.

बावीस वर्षं त्याचा जीव एकाच बँडवर होता, कर्जतच्या 'काळदरी'वर. खरं तर बँडवर नाही, गायक जनावर. जना कोंडाण्याच्या वरच्या वाडीतला. पलीकडच्या डोंगरावर हाक पोचवायची असावी तसा गायचा. मालोजीच्या नादानं मीही जनाचा चाहता झालो.

एका वर्षी मालोजीनं जनाला आमच्या गावच्या सप्ताहाला आणलं. सप्ताहाचे सात दिवस वीणा खाली टेकू द्यायची नाही. एकाचा पहारा संपला की ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि देणारा, घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. जना वीणा घेऊन तासभर उभा राहिला आणि असा गायला, की देवळाबाहेर तंबाखू मळत बसलेले आत आले. त्याच्यानंतर पहारा मालोजीचा. मालोजीचा आवाज म्हणजे बिनतेलाचं चाक. तरी गाव टाळ वाजवत राहिलं. एकही जण उठला नाही.

गेल्या वर्षी जनाच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि काळदरीनं साईराज नावाचा तिशीतला नवा गायक घेतला. मालोजी सुतक पडल्यासारखा हिंडायला लागला. "खड्यासारखा बाजूला काढला रं जनाला," एवढंच बोलायचा. जनाला एक फोन करून विचारावं, हे आम्हा शहाण्यांपैकी कुणालाच सुचलं नाही. त्याऐवजी आम्ही पाच जणांनी काळे टी-शर्ट छापून घेतले. पाठीवर मोठ्या अक्षरांत 'जना'. नवा गायला लागला की पाठ फिरवायची, असा मालोजीचा बेत.

डिसेंबरात कर्जतच्या मैदानावर कार्यक्रम झाला. संध्याकाळी सहालाच जाऊन आम्ही पुढची रांग धरली. साईराजनं पहिली ओळ घेतली आणि आम्ही पाचही जण वळलो.

स्टेजकडे पाठ झाली म्हणजे तोंड गर्दीकडे झालं. समोर दहा हातांवर, गळ्याला मफलर गुंडाळून, जना उभा होता. साईराजबरोबर शब्दागणिक ओठ हलवत होता. तेवढ्यात आमच्या मागे साईराज अडखळला. पाठीवरचं नाव त्यानं वाचलं असणार. जनाचे ओठ थांबले.

तो माणसं सारत आमच्याकडे आला. आवाज असा उरलाच नव्हता, नुसती हवा. कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागला.

"मीच आणलाय त्याला. घसा जायच्या आधी दोन वर्सं शिकिवला," तो म्हणाला. मग मालोजीकडे बघून, "माझ्याकडनं वीणा घेतलीस, तवा गावानं पाठ फिरिवली व्हती का रं?"

 मालोजी स्टेजकडे वळला, तर आता पाठीवरचं नाव जनाच्या तोंडासमोर. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. गाणं संपल्यावर आम्ही मागे पाहिलं तेव्हा जना निघून गेला होता. साईराज पूर्ण कार्यक्रमभर आमच्या बाजूला फिरकला नाही, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती.

यंदाच्या सप्ताहाला मालोजीनं जनाला निरोप धाडला, साईराजलाही. "साईराज येईल. माझ्यानंतरचा पहारा त्याचा हाय," असं त्यानं गावाला सांगून टाकलं. दुपारी तीनला मालोजीनं वीणा घेतली. चार वाजले. वीणा खाली ठेवता येत नाही आणि ती घ्यायला ना साईराज आला, ना जना. त्याच बिनतेलाच्या आवाजात तो अभंग म्हणत राहिला, नजर देवळाच्या दारावर. पाच वाजले तेव्हा त्याचा घसा पार बसला होता. ओठ तेवढे हलत होते.

मी उठलो. "मालोजी, दे आता," म्हणालो.

वीणा माझ्या गळ्यात आली. मी त्याच्या पाया पडलो. मग तो माझ्या पाया पडायला वाकला, आणि बराच वेळ उठला नाही.