मेरेपलीकडची काकी

धारगळला आमचं घर हायवेपासून थोडं आत आहे. घरामागे परस आणि त्याला लागूनच शेजारच्या काकींचा परस. मध्ये भिंत किंवा कुंपण नव्हतं, होती फक्त घोट्याएवढ्या उंचीची मातीची मेर. ती दर पावसात खचायची आणि दिवाळीनंतर माझी सासू आणि काकी दोघी मिळून ती पुन्हा उचलायच्या. एवढ्या बुटक्या मेरेची गरज काय, असं मी लग्न होऊन आले तेव्हा विचारलं होतं. सासू म्हणाली होती, "मेर हवीच गो. नायतर मुळा कोणाचो, कसा कळतला?"

आमच्या बाजूला तांबडी भाजी, मुळा, भेंडी. काकींच्या बाजूला मांडवावर चढवलेल्या वालीच्या शेंगा, मागे हळद, आलं, आणि विहिरीजवळ गवती चहा व पुदिना. सासू सावंतवाडीकडची, तिच्या बोलण्यात सगळीकडे 'काय गो'. काकी डिचोलीजवळच्या सर्वणच्या, त्यांचं 'कितें गे'. चाळीसेक वर्षं या दोघी रोज दुपारी मेरेच्या दोन बाजूंना उकिडव्या बसून भाजी निंदत बोलायच्या. काकी डावखुऱ्या होत्या. वाली मांडवाला बांधताना त्यांची गाठ उलटी पडायची. सासूला ती कधीच सोडवता आली नाही, ती विळ्याने कापून टाकायची आणि वर काकींनाच बोल लावायची.

काकी गेल्या तेव्हा त्यांची मुलगी म्हापशाहून आली, दिवसकार्य करून घराला कुलूप लावून परत गेली. सासू रडली नाही. परसात मात्र जाईनाशी झाली. आमचे वाफे मीच बघू लागले. शाळेत शिकवून मी दुपारी घरी यायची, जेवून झालं की पाणी घालायची.

पावसानंतर माझ्या लक्षात आलं, काकींची बाजू स्वच्छ आहे. कोणीतरी गवत काढलं होतं. माती भुसभुशीत करून वालीचं बी टोचलं होतं, ते उगवूनही आलं होतं. मला वाटलं मुलीने गडी लावला असेल. तिला फोन केला.

"नाही गं," ती म्हणाली. "कोण येणार तिथे? चावी माझ्याकडेच आहे."

वेली वाढल्या तशा कोणीतरी त्या मांडवावर चढवल्या, केळीच्या सोपाच्या, वाळक्या सालीच्या, दोऱ्यांनी बांधल्या. मी मेर ओलांडून बघायला गेले. दोरीची गाठ उलटी होती. मी घरात आले आणि परसाचं दार लावून घेतलं. सासू आत पलंगावर झोपली होती, भिंतीकडे तोंड करून. नवऱ्याला संध्याकाळी सांगितलं तर तो हसला. "गाठीला काय उलटं सुलटं असतं?"

शाळेला सुट्टी होती त्या दिवशी ते मी पाहिलं. जेवणाची भांडी घासत होते आणि जनेलातून समोर परस दिसत होता. काकींच्या मांडवाखाली कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. डोक्यावर पदर काकींसारखा कानामागे खोचलेला, डावा हात झरझर चाललेला. मी बघत राहिले. मग ती बाई वळली आणि मला माझी सासू दिसली. मला इतकं हायसं वाटलं की मी तशीच ओल्या हातांनी बाहेर गेले.

"आई, इतक्या उन्हात काय करताय?"

तिने मान वर केली. चेहरा तिचाच होता, पण माझ्याकडे ती शेजारच्या सुनेकडे बघावं तशी बघत होती.

"कितें गे," ती म्हणाली, "तुजी सासू खंय गेली? परसात दिसना ती."

ती पुन्हा डाव्या हाताने गाठ मारू लागली. जन्मभर उजव्या हाताने जेवलेली, उजव्या हाताने नारळ फोडलेली बाई. थोड्या वेळाने उठली, लुगडं झाडलं, मेर ओलांडून आमच्या बाजूला आली आणि म्हणाली, "काय गो, चाय ठेवलंस?"

म्हापशाच्या डॉक्टरांनी विसरण्याचा आजार सांगितला. तिच्याशी वाद घालू नका, ती म्हणेल त्याला हो म्हणा, असं समजावलं. डाव्या हाताचं विचारलं तेव्हा म्हणाले, होतं असं कधी कधी. ते त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं.

मग ते रोजचंच झालं. मेरेच्या अलीकडे ती माझी सासू असायची, पलीकडे गेली की काकी. मी जनेलात उभी राहून त्या एका पावलाची वाट बघायची. पलीकडे गेली की ती सर्वणचं माहेर सांगायची. भावाच्या शेतामागे ओहोळ कुठे वळतो, कुठल्या दगडावर धुणं आपटायचं. सासूने आयुष्यात सर्वण पाहिलं नव्हतं. नवरा म्हणायचा, ऐकलं असेल इतक्या वर्षांत. मीही तसंच म्हणायची.

वर्षभराने काकींच्या मुलीने ती जागा विकली. हायवे जवळ असल्यामुळे टाइल्सचं गोदाम होणार होतं. जेसीबी आला त्या सकाळी सासू मांडवाखाली जाऊन बसली. मशीनवाल्याने इंजिन बंद केलं. नवरा तिला आणायला गेला.

"आई, चल घरी."

ती त्याच्याकडे मायेने, पण परक्यासारखी बघत राहिली. "तुजी आवय घरा आसतली रे, पुता. थंय सोद तिका."

तुझी आई घरी असेल, तिला तिथे शोध. नवरा परत आला आणि पायरीवर बसला.

मग मी गेले. काय बोलायचं ते जाताना ठरवलं नव्हतं. "काकी, चहा ठेवलाय," मी म्हटलं. "या ना आमच्याकडे."

ती लगेच उठली. मागच्या दारी पाय धुतले, पाहुणीसारखी आत आली, स्वतःच्याच घरात खुर्चीच्या कडेला अंग चोरून बसली. चहा घेता घेता तिने विचारलं, "ती केन्ना येतली?"

"येतील एवढ्यात," मी म्हटलं.

दुपारपर्यंत मांडव भुईसपाट झाला, आठवड्यात भिंत उभी राहिली. सासू त्या दिवसानंतर परत आली नाही. म्हणजे घरात होती, आमच्याच पलंगावर झोपायची, पण पाहुणी म्हणून. वाढलेलं आवडलं की कौतुक करायची, काही मागताना संकोचायची. संध्याकाळी पाववाल्या पोदेराचा हॉर्न वाजला की म्हणायची, आता जाते, घरी दिवा लावायचाय. मी म्हणायची, थांबा, त्या आल्या की जा. आम्ही दोघी थांबायचो.

एकदा मी तांबडी भाजी निवडत होते. तीही शेजारी बसून डाव्या हाताने निवडायला लागली. मग माझ्याकडे झुकून, कोणी ऐकेल की काय अशा दबक्या आवाजात म्हणाली, "तुजी सासू तुका कदीं बरें म्हणची ना. पूण म्हजेकडेन म्हणटा. सून म्हणटा, म्हज्या हाताक लागली."

तुझी सासू तुझ्या तोंडावर चांगलं म्हणणार नाही, पण माझ्याजवळ म्हणते. सून माझ्या हाताखाली तयार झाली म्हणते. पंधरा वर्षांत सासूने मला असं काही सांगितलं नव्हतं. ऐकून आनंद झाला, आणि घराच्या आतून कोणी दुसरंच बोलतंय अशी भीतीही वाटली. मी विचारलं, "खरंच म्हणतात?"

"तुका सांगलां म्हण तिका सांगूं नाका," ती म्हणाली. मी तुला सांगितल्याचं तिला कळू देऊ नकोस.

श्रावणात ती गेली. शेवटी नवरा 'आई, आई' म्हणत होता, तिने डोळे उघडले नाहीत. मी 'काकी' म्हटलं नाही. जिभेवर आलं होतं, पण त्याच्यासमोर मला म्हणवेना.

भेटायला काकींची मुलगी आली. हातात केळी, डोळे कोरडे. हे सगळं तिला कुठूनतरी कळलं होतं. नवरा बाहेर गेल्यावर ती माझ्याजवळ सरकली.

"माझं काही बोलायची का गं ती?"

मी जे ऐकलं होतं तेवढंच सांगितलं. "शुक्रवारी बाजार करून तू येशील म्हणायची. कोवळ्या शेंगा तुझ्यासाठी ठेवायला सांगायची. तुला जून चालत नाहीत म्हणून."

तिने मान हलवली. खरंच चालत नाहीत, म्हणाली. भिंतीपलीकडे टाइल्सचा ट्रक रिकामा करत होते. मग तिने माझा हात धरला.

"आणखी सांग," ती म्हणाली.