चुंबळीखालचे केस

"वर चार टोचे जास्ती घाल," असं ती डॉक्टरीणबाईंना प्रत्येक वेळी सांगायची. काशीदची मासळीवाली मावशी. आयुष्यभर गिऱ्हाइकांनी तिच्याकडे वर दोन बोंबील मागितले होते. आता मागायची पाळी तिची होती आणि ती ती सोडणार नव्हती.

अलिबागला त्वचेच्या एका दवाखान्यात मी बरीच वर्षं काम करते. केस विरळ झालेल्यांच्या डोक्यावर आमच्या डॉक्टरीणबाई पेनासारखं एक यंत्र फिरवतात. त्याच्या टोकाला बारीक सुया असतात, त्या भरभर आतबाहेर होतात. टाळूला टोचे बसतात, तिथे रक्त धावतं आणि झोपलेली मुळं कधी कधी जागी होतात. याला म्हणायचं मायक्रोनीडलिंग. त्यातलं 'कधी कधी' बाई प्रत्येकाला दोनदा सांगतात आणि ऐकणारा ते एकदाही ऐकत नाही.

येतात बहुतेक पुरुष. लग्न ठरायचंय ते, लग्न ठरलंय ते, आणि लग्नाला वीस वर्षं झाली तरी आरसा न सोडणारे. तुम्हीही पाहिले असतील, बोलता बोलता सारखे चार केस कपाळावर ओढून घेणारे. मी तशी खवचट आहे, पण त्यांना हसत नाही. केस गेले की माणूस आतून लहान होतो, हे मी रोज बघते.

मावशी मात्र केसांसाठी आलीच नव्हती. बर्फात आणि खाऱ्या पाण्यात हात घालून घालून तिची बोटं फाटली होती, त्यासाठी मलम न्यायला आली होती. खाली पडलेली पिशवी उचलायला वाकली आणि बाईंना तिची टाळू दिसली. भोवती दाट केस, मागे चांगला अंबाडा, त्यावर अबोलीची वेणी. आणि मधोमध एक गोल, गुळगुळीत जागा. टोपलीखाली डोक्यावर कापडाचं वेटोळं ठेवतात ना, चुंबळ, बरोबर तेवढीच.

बाईंनी मला फोटो काढायला सांगितला. मी तो तिच्यापुढे धरला. स्वतःची टाळू कोण कधी बघतं? तिने फोन हातात घेतला आणि कितीतरी वेळ बघत बसली.

"हा माझा डोका?" तिने विचारलं. मग म्हणाली, "माझे आयशीचा पन असाच व्हता. आजीचा पन. मना वाटला, बायकांना तिथं केस येतच नसतील."

बाईंनी तिला नीट समजावलं. केस येतात, सगळ्यांना येतात, तुमचे ओझ्याने घासून गेले. काही मुळं मेली असतील, काही जिवंत असतील. सुयांनी प्रयत्न करता येईल, खात्री नाही. आणि अट एकच, डोक्यावर टोपली नको. मला वाटलं, ती मलम घेऊन उठेल. या वयात, या धंद्यात, कुणाला दाखवायची आहे टाळू?

"एकदा बघायचा हाय मना," ती म्हणाली. "कसा दिसतो ता."

दिवस बरे होते. पावसाळ्यामुळे होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, धंदा सुकटीवर, त्यामुळे टोपली तशीही घरात पडून होती. पुढे होड्या समुद्रात गेल्या तेव्हा टोपली सुनेने उचलली. बाईंनी हातगाडी सुचवून पाहिली होती. पण मावशीची गिऱ्हाइकं वरच्या आळीत, टेकडीवर. तिथे पायवाट जाते, चाक जात नाही.

मावशी महिन्याच्या महिन्याला यायची. आधी बधिर करायचं मलम लावून डोक्याला प्लास्टिक गुंडाळून ठेवावं लागतं. इतर पेशंट त्या अवतारात तोंड लपवून कोपऱ्यात बसतात. ही त्याच अवतारात अख्ख्या दवाखान्यात फिरायची. सुरुवातीला मासळीच्या वासाने दोन बायकांनी खुर्च्या सरकवल्या. मलम चढेपर्यंत त्याच बायका तिला सुरमई कधी मिळेल ते विचारत होत्या.

एकदा आतल्या खोलीत एक तरुण इंजिनियर यंत्राचा आवाज ऐकूनच कळवळायला लागला. मावशी तशीच प्लास्टिकसकट आत गेली, त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसली आणि हात पुढे केला. म्हणाली, धर, पण नखं लावू नको, आधीच फाटलाय. तो बिचारा सुया संपेपर्यंत तो हात धरून होता. तिने त्याला पापलेट ताजं कसं ओळखायचं ते सगळं शिकवलं. बायको फसली तरी तू फसू नको, असंही वर सांगितलं.

तिच्या स्वतःच्या वेळी मात्र ती गप्प असायची. मलम लावलं तरी काही जागी सुई जाणवतेच. टाळूवर रक्ताचे बारीक ठिपके उगवायचे, मी ते कापसाने टिपायची. ती डोळे उघडे ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहायची. संपलं की फक्त आपली मागणी करायची, आणि बाईही हसून वर चार टोचे घालायच्या.

मग एका महिन्यात फोटो काढताना मला काहीतरी दिसलं. मी भिंग आणलं. बाईंनी बघितलं, मी पुन्हा बघितलं. गुळगुळीत जागेवर लव उगवली होती. पुढच्या खेपेला तीच काळी झाली होती. मी तिचा हात धरून टाळूवर ठेवला. बोटं फाटलेली, त्यांना कळेना. मग तिने हात उलटा केला आणि मनगटाची मऊ बाजू डोक्यावरून फिरवली, हळूहळू, पुढून मागे आणि मागून पुढे. तिच्या आईच्या, आजीच्या डोक्यावर जे कुणी कधी पाहिलं नव्हतं, ते तिथे होतं. मी इतकी डोकी हाताळली आहेत, पण त्या दिवशी मला खरंच देवळात उभं असल्यासारखं वाटलं.

त्यानंतरच्या महिन्यात तिच्या वेळेवर तिची सून आली. एकटीच. तिशीची, बारीक अंगाची, दारातच घुटमळत उभी. म्हणाली, आईंनी पाठवलंय, त्यांच्या जागी मला बघा. तिच्या फोनवर तिच्याच टाळूचा फोटो होता. सासूने काढलेला, आम्ही काढतो तसाच, बरोबर वरून. मधोमध केस विरळ झाले होते.

झालं होतं असं. मावशी सुनेच्या डोक्याला तेल घालत होती. टाळूवर आली आणि हात थांबला. आधी कधी थांबला नसता, पण आता कसं बघायचं ते तिला ठाऊक झालं होतं. तिने सुनेचा फोन घेतला आणि वरून फोटो काढला.

"सकाली उठले तं टोपली जाग्यावर नव्हती," सून सांगत होती. "त्या घेऊन गेल्या व्हत्या. मी लय भांडले. ऐकत नाय."

बाईंनी तिला तपासलं आणि म्हणाल्या, तुला सुयांची गरजच नाही. लवकर लक्षात आलंय, ओझं नको, केस आपोआप भरतील. ती चांगली बातमी होती. पोरगी मात्र रडायला लागली, आणि मी कापूस शोधायच्या निमित्ताने कपाटाकडे वळले.

मावशी मग आलीच नाही. मी फोन केले, ती उचलायची, मासळी पाहिजे का विचारायची आणि ठेवायची.

थंडीत एका रविवारी माझा भाऊ आम्हा सगळ्यांना काशीदला घेऊन गेला. ती मला टेकडीच्या पायथ्याशी भेटली. टोपली खाली ठेवून एका गिऱ्हाइकाला बांगडे देत होती. मला बघून खूश झाली, घरच्यांची चौकशी केली. वाकलेली होती म्हणून मला टाळू दिसली. केस होते. बोटाच्या पेराएवढे, काळेभोर, थोडे दबलेले. दर महिन्याला मी ज्यांचे फोटो काढले, ते.

मी सांगायला लागले की हे सगळं पुन्हा जाईल, बाई म्हणतात महिना-दोन महिन्यांत जाईल. तिने मला बोलू दिलं. गिऱ्हाईक गेल्यावर सुरी पुसली, पदर खोचला.

"येतात, ता कललं मना," ती म्हणाली. "आता सुनेचं ऱ्हाऊ दे."

तिने चुंबळ झटकली आणि त्या केसांवर नीट बसवली. भरलेली टोपली एकटीने डोक्यावर चढवता येत नाही. जवळ असेल त्याने दुसरी बाजू धरायची, अशी आपल्याकडची रीत आहे. तिथे जवळ मीच होते.

"हात लाव बाय," ती म्हणाली.

मी वाकले आणि कड धरली. टोपली मला वाटलं होतं त्याहून कितीतरी जड होती. आम्ही दोघींनी ती उचलली आणि तिच्या डोक्यावर ठेवली. मग तिने वरच्या आळीची वाट धरली.