कानसेनांची परीक्षा

आमच्या भावोजींना सगळी इमारत कानसेन म्हणते. त्यांनीच तसं म्हणायला लावलंय. नोकरी विमा कंपनीत, लोकांचे दावे नाकारण्याची. घरी आले की स्पीकर नाकारतात.

त्यांचं म्हणणं असं, की दणदणाट कुठलाही डबा करतो, खरी कसोटी माणसाच्या आवाजाची. 'स' म्हणताना शिट्टी वाजता कामा नये, बोलणारा पिंपात बसल्यासारखा वाटता कामा नये. म्हणणं चुकीचं नाही. पण स्पीकर भिंतीला चिकटले की आवाज घुमतो, म्हणून या गृहस्थांनी सोफा उचलून आतल्या खोलीत कोंबला. हॉलच्या मधोमध स्पीकर आणि समोर एक खुर्ची, ती अर्थातच त्यांची. ताई स्टुलावर बसते.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, प्राथमिक शाळेत शिक्षिका. सुट्टीनंतर तिचा आवाज बसला तो उठलाच नाही. मागच्या बाकांवरची पोरं "बाई, ऐकू येत नाही" म्हणायला लागली. मुख्याध्यापिकेनं बजावलं, घसा दाखवून घ्या, नाहीतर वर्ग काढून घ्यावा लागेल. ताईला भीती वाटत होती, भलतंसलतं निघालं तर काय. नवऱ्यानं बरोबर यावं, एवढंच तिचं मागणं. भावोजी म्हणायचे, "शनिवारी जाऊ." शनिवारी ते स्पीकरच्या दुकानात असायचे.

परवा शनिवारी दुकानदारच एक जोडी घेऊन घरी आला. भावोजींची परीक्षा ठरलेली. हॉलमध्ये पडदा लावायचा, मागे स्पीकर आणि ताई. एकदा ताईनं जुन्या वर्तमानपत्रातली बातमी वाचायची, एकदा तिनंच वाचलेली तीच बातमी स्पीकरवर लावायची. आधी काय लागणार ते दुकानदारानं ठरवायचं. हे ध्वनिमुद्रण गेल्या वर्षीचं, ताईचा गळा धड होता तेव्हाचं. भावोजी डोळे मिटून खुर्चीत बसले. मला त्यांच्या त्या चेहऱ्याची चीड येते.

पहिला आवाज आला. मग दुसरा. मध्येच खोकलाही आला, तरी यांचे डोळे मिटलेलेच.

"पहिली आमची ही," भावोजी म्हणाले. "दुसरा तुमचा स्पीकर. खरखरतोय, फाटलाय, वर खोकतोय काय! उचला हा डबा."

दुकानदार वायर गुंडाळत बसला. ताईनं पडदा बाजूला केला.

"अहो, दुसरी मी होते."

मला वाटलं, आता तरी हा माणूस खजील होईल. भावोजींचा चेहरा उजळला. "म्हणजे स्पीकर इतका हुबेहूब?" ते दुकानदाराला म्हणाले, "ठेवा ही जोडी. लावा बघू पुन्हा."

मी उठलो. "ताई, चल. मी येतो दवाखान्यात." तिनं चपला घातल्या. भावोजींनी दार लागल्याचंही ऐकलं नसावं.

जिना उतरताना वरून बातमी ऐकू यायला लागली. मोकळा, खणखणीत आवाज, प्रत्येक शब्द सुटा. ताई कठडा धरून थांबली.

"असा होता होय माझा आवाज," ती म्हणाली. मी शेजारच्याच पायरीवर होतो, तरी मला तिच्या तोंडाकडे बघावं लागलं.