एकच फोटो सोडून

मोहफुलांच्या वासानं ब्रह्मपुरीजवळच्या घराचं अंगण आठवतं. कॉलेजात वेबसाइटसाठीची जावास्क्रिप्ट शिकताना मी घरच्या फोटोंचं एक वेबपान बनवलं होतं. मोबाइलवर बोट लावलं की फोटो मोठा व्हायचा. तापानं गेलेल्या धाकट्या भावाचा शाळेच्या ओळखपत्रावरचा एकच फोटो होता. मोठा केला की त्याचा चेहरा पुसट व्हायचा, म्हणून मोठे होणारे फोटो निवडताना कोडमध्ये ‘नॉट’, म्हणजे ‘हा सोडून’, लिहून मी तेवढा वगळला. आई त्याच फोटोवर पुन्हापुन्हा बोट लावत राहिली. "हा काऊन मोठा नाई होऊन राह्यला?" बाबा खाली बघत म्हणाले, "तो आता तेवढाच राहीन." मी ते ‘नॉट’ खोडलं. पुसट चेहरा पडदाभर झाला आणि आईनं मोबाइल छातीशी धरला. आता आईही नाही. ते पान मात्र मी बंद केलेलं नाही.