चाचांच्या सफरचंदाच्या बिया

चाचा सफरचंद कापायचे ते बियांसाठी. फोडी समोरच्याच्या हातात कोंबायच्या आणि आपण गाभा कोरत बसायचं. औशात आमच्या शेजारीच त्यांची रोपवाटिका होती. प्रत्येक बियाचा स्वभाव त्यांना ठाऊक. चिंचोक्याला गरम पाणी, बोराच्या आठळीला हातोडी. सफरचंदाचं नाव निघालं की मात्र आवाज खाली यायचा. "त्याचं बी झोपलेलं असतंय, बेटा. थंडी खाल्ल्याबगर उठत न्हाई."

औशाच्या उन्हात सफरचंद! सगळे हसायचे, मीही हसायचे. पण हा हट्ट त्यांचा नव्हता, चाचीचा होता. लातूरच्या डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं होतं, म्हणजे काय ते आम्ही समजलो होतो. मी रोज संध्याकाळी तिच्यापाशी जाऊन बसायचे. भेटायला येणारा प्रत्येक जण सफरचंदं आणायचा. ती एकदा म्हणाली, "जनमभर रोपं इकली तुम्ही. याचं एक दावा की मला."

चाचा कामाला लागले. बिया धुतल्या, रात्रभर भिजवल्या, तरंगलेल्या फेकून दिल्या. उरलेल्या ओल्या रेतीत घालून डबा माझ्या फ्रीजमध्ये भाजीखाली ठेवला, कारण त्यांच्याकडे फ्रीज नव्हता. अडीच महिने ठेवायचा होता. दर शुक्रवारी नमाज झाली की यायचे, रेती मुठीत दाबून बघायचे. पाणी निथळलं नाही पाहिजे आणि मूठ उघडल्यावर गोळा फुटलाही नाही पाहिजे. माझ्या हातचा चहा घ्यायचे आणि जायचे.

बियांची टोकं पांढरी दिसायला लागली, त्याच आठवड्यात नायगावला माझ्या भावाचं लग्न निघालं. गावाला जाताना मेन स्विच खाली करायचा, ही आमच्या घरची शिस्त. मी तो केला. डबा आठवलाच नाही. ऐन उन्हाळ्यात आठ दिवस.

परतले त्याच दिवशी चाचा आले. डबा उघडला, वास घेतला. म्हणाले, "रेती लई भिजवली मी. सडलं सारं." मला तेव्हाच बोलायला हवं होतं. जीभ उचलली नाही. त्यांनी नव्या बिया भरल्या आणि डबा त्याच जागी ठेवला.

त्या बियांना कोंब फुटले तेव्हा चाचीला जाऊन महिना झाला होता. चाचा कुंडी घेऊन माझ्या दारात उभे राहिले. दोन हिरवी पानं. मला राहवलं नाही. रडत रडत स्विचचं सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक हाय, बेटा. फ्रीज गरमच होता त्या दिशी. तुझ्या चाचीला मी घरी जाऊन सांगितलं. ती म्हणली, पोरीला काही बोलू नका. शरमंल आणि यायची बंद होईल."

त्या दिवसापासून चाची जाईपर्यंत शरमेनं मी एकदाही तिच्याकडे गेले नव्हते.